लोखंडाचें माहेर

गेल्या वर्षीं फेब्रुवारीच्या अखेरीस, राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या निमित्तानें, आम्ही इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन जुन्नर तालुक्यांतील खोडद येथील प्रचंड रेडिओ दुर्बीण पाहावयास गेलों होतों. एका विद्यार्थ्याचे वडील, जे चाकणच्या एका कारखान्यांत लेथवर काम करतात, तेहि सुट्टी काढून आमच्याबरोबर आले होते. परततांना राजगुरुनगर मागें पडलें व चाकणच्या कारखान्यांचे दिवे दिसूं लागले, तेव्हां ते आमच्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "सर, पोरं खूष झालीं, मलाहि बरें वाटलें. पण एक विचारतों, राग मानूं नका. जी गोष्ट कधीं हाताला लागायची नाहीं, ती शिकून करायचें काय? आमचा धंदा लोखंडाचा. लोखंड हाताला लागतें, त्याची भाकरी होते. आमचा मुलगा म्हणतो, मी तारे शिकणार."

गाडींत मुलांचा गलका चालला होता, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांस त्या वेळीं नीट उत्तरहि सुचलें नाहीं. पुढें अनेक दिवस तो प्रश्न आमच्या मनांत घोळत राहिला. प्रस्तुत लेख म्हणजे तें राहून गेलेलें उत्तर होय. तें त्या गृहस्थांसाठीं आहे, त्यांच्या मुलासाठीं आहे, आणि असा प्रश्न ज्यांच्या मनांत येतो पण ओठांवर येत नाहीं, अशा सर्व पालकांसाठीं आहे.

प्रथम आकाशांतील अंतरांचा विचार करूं. पृथ्वीपासून सूर्य सुमारें १५ कोटि किलोमीटर दूर आहे, असें आपण पुस्तकांत वाचतों; परंतु नुसत्या आकड्यानें मनास कांहींच बोध होत नाहीं. म्हणून आपण एक लहानसा नकाशा मांडूं. हें १५ कोटि किलोमीटरांचें अंतर आपण एक मीटर, म्हणजे एक लांब ढांग, एवढेंच धरूं. मग सूर्य हा हरभऱ्याच्या दाण्याएवढा होईल, आणि त्यापासून एका ढांगेवर पृथ्वी म्हणजे डोळ्यांस दिसेल न दिसेल असा धुळीचा कण होईल. सर्वांत दूरचा ग्रह नेपच्यून तीस ढांगांवर येईल. म्हणजे आपली सारी ग्रहमाला शाळेच्या पटांगणांत सुखानें मावली! आतां सूर्यासारखा दुसरा तारा, म्हणजे दुसरा हरभरा, कोठें ठेवावयाचा? मुलांस हा प्रश्न घातला, तेव्हां कोणी म्हणालें भोसरीस, कोणी म्हणालें लोणावळ्यास. खरें उत्तर असें कीं, नरतुरंग तारकासमूहांतील मित्र नांवाचा तारा ह्या नकाशावर सुमारें पावणेतीनशें किलोमीटर दूर, म्हणजे थेट सोलापुराजवळ ठेवावा लागेल. एक हरभरा चिंचवडास, दुसरा सोलापुरास, आणि मध्यें जवळजवळ कांहीं नाहीं. आकाश हें असें रितें आहे.

प्रकाश एका सेकंदांत सुमारें ३ लक्ष किलोमीटर धांवतो. चंद्रापासून येथें यावयास त्यास सव्वा सेकंद लागतो, सूर्यापासून आठ मिनिटें वीस सेकंद. परंतु आपल्या नकाशावर तोच प्रकाश मुंगीपेक्षांहि सावकाश चालतांना दिसेल. कारण एक मीटर जावयास त्यास आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. ह्याच गतीनें तो वर्षभर चालला म्हणजे जें अंतर होतें, त्यास एक प्रकाशवर्ष म्हणतात. तें सुमारें साडेनऊ लक्ष कोटि किलोमीटर भरतें. मित्र तारा सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडा अधिक दूर आहे. कृत्तिकांचा सुंदर पुंजका सुमारें ४४० प्रकाशवर्षें दूर आहे. ह्या हिंवाळ्यांत कृत्तिकांचा जो प्रकाश तुमच्या डोळ्यांत शिरतो, तो तेथून निघाला तेव्हां शिवनेरीवर शिवजन्म व्हावयास अर्धें शतक अवकाश होता. आणि चाकणच्या किल्ल्यांत फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० मध्यें शाइस्ताखानास झुंजविलें, तेव्हां तो प्रकाश वाटेंतच होता. आपण तारा पाहतों म्हणजे उशिरां हातीं पडलेलें पत्र वाचतों. लिहिणाराचें आज काय चाललें आहे, हें त्या पत्रावरून कळत नाहीं.

आतां ताऱ्यांकडे वळूं. तारा ही एक भट्टी आहे. मात्र तींत कोळसा जळत नाहीं. ताऱ्याच्या पोटांत हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिळून हेलियम बनतो, व त्या मीलनांतून उष्णता बाहेर पडते. ताऱ्याचें स्वतःचें वजन त्यास आंत दाबीत असतें आणि ही उष्णता त्यास बाहेर फुगवीत असते. ह्या दोहोंचा तोल जोंवर राहतो, तोंवर तारा स्थिर असतो. आपल्या सूर्याजवळ सुमारें १,००० कोटि वर्षें पुरेल इतकें इंधन होतें. त्यांपैकीं ४६० कोटि वर्षें सरलीं आहेत. तेव्हां त्याविषयीं काळजीचें कारण नाहीं.

परंतु ज्या ताऱ्याचें वजन सूर्याच्या आठपटींहून अधिक असतें, त्याची गोष्ट निराळी. अशा ताऱ्याची मिळकत मोठी, पण खर्च त्याहून कितीतरी मोठा. सूर्याच्या पंचवीसपट वजनाच्या ताऱ्याचें शास्त्रज्ञांनीं केलेलें गणित पाहण्यासारखें आहे. त्याचा हायड्रोजन सुमारें ७० लक्ष वर्षांत संपतो. मग हेलियम जळूं लागतो. तो सुमारें ७ लक्ष वर्षें पुरतो. नंतर कार्बन सुमारें ६०० वर्षें, निऑन सुमारें एक वर्ष, ऑक्सिजन सुमारें सहा महिने, आणि शेवटीं सिलिकॉन अवघा एक दिवस! प्रत्येक वेळीं आधींची राख हेंच पुढचें इंधन होतें. अखेर ताऱ्याच्या मध्यभागीं लोखंड साचतें, आणि तेथें सारा व्यवहार बुडतो. कारण लोखंडाचे अणुगर्भ मिळविले तर उष्णता निघत नाहीं, उलट ती खर्ची पडते. लोखंड ही अशी राख आहे कीं, जी पुन्हां पेटत नाहीं.

राख वाढत जाते, भार वाढत जातो. आणि एक मर्यादा ओलांडली कीं, पृथ्वीएवढा तो लोखंडी गाभा एका सेकंदाच्या आंत कोसळून सुमारें वीस किलोमीटर व्यासाचा होतो. पिंपरीहून चाकणास जाण्यास जेवढा रस्ता कापावा लागतो, तेवढाच साधारण हा व्यास होय. त्यांतील एक चमचाभर द्रव्याचें वजन शेंकडों कोटि टन भरेल. गाभा याहून दबेनासा झाला म्हणजे वरून कोसळणारे थर त्यावर आदळून उसळी घेतात. न्यूट्रिनो नांवाच्या अतिसूक्ष्म कणांचा लोंढा आंतून बाहेर फुटतो व त्या थरांस आणखी रेटा देतो. आणि ताऱ्याचें सर्व बाह्यांग सेकंदास हजारों किलोमीटर वेगानें चोहोंकडे उधळलें जातें. ह्या घटनेस अतिनवतारा असें म्हणतात. नवीन तारा उगवला असें पाहणाराला वाटतें. वस्तुतः तो जुन्या ताऱ्याचा अंत असतो.

वर जी मर्यादा म्हटली, तिच्या शोधाशीं मुंबई बंदराचा संबंध आहे. १९३० च्या जुलैअखेर सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर नांवाचा एकोणीस वर्षांचा तरुण मुंबईस बोटींत बसून उच्च शिक्षणासाठीं विलायतेस निघाला. त्या प्रवासांत त्यानें असें गणित मांडलें कीं, इंधन संपलेल्या ताऱ्याचा जो लहान, घन गोळा उरतो, ज्यास श्वेतबटु म्हणतात, त्याचें वजन एका ठराविक मर्यादेपलीकडे जाऊं शकत नाहीं. आज ही मर्यादा सूर्याच्या सुमारें १.४ पट मानली जाते. त्या वेळच्या थोर ज्योतिर्विदांपैकीं एडिंग्टन ह्यांनीं १९३५ मध्यें ह्या विचारास उघड विरोध केला. चंद्रशेखर आपल्या गणितावर ठाम राहिले व दुसऱ्या कामास लागले. पुढें १९८३ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. जोडीच्या ताऱ्यापासून द्रव्य ओढून घेऊन एखादा श्वेतबटु ह्या मर्यादेच्या जवळ आला, तर तोहि सबंधच्या सबंध फुटतो. हा अतिनवताऱ्याचा दुसरा प्रकार होय.

असे स्फोट माणसांनीं पाहिले आहेत काय? होय. १०५४ सालच्या जुलै महिन्यांत चीनमधील ज्योतिष्यांनीं वृषभ राशींत एक नवा तारा पाहून त्याची नोंद केली. तो तेवीस दिवस भर दिवसा दिसत होता आणि रात्रीं जवळजवळ दोन वर्षें. त्या जागीं आज दुर्बिणींतून एक तेजोमेघ दिसतो. त्यास खेकडा तेजोमेघ म्हणतात. तो सुमारें ६,५०० प्रकाशवर्षें दूर आहे. म्हणजे १०५४ मध्यें लोकांनीं जें पाहिलें, तें प्रत्यक्षांत साडेसहा हजार वर्षांपूर्वींच घडून गेलें होतें. त्याच्या मध्यभागीं उरलेला गोळा आजहि सेकंदास तीस फेरे घेत आहे. आपल्या आकाशगंगेंतील, नुसत्या डोळ्यांनीं सर्वांस दिसलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ चा. तेव्हां दुर्बीण आकाशाकडे वळावयाची होती. पुढें १९८७ च्या फेब्रुवारींत शेजारच्या एका लहान दीर्घिकेंत, सुमारें १ लक्ष ६८ हजार प्रकाशवर्षांवर, एक तारा फुटला, व त्याचे न्यूट्रिनो जपान, अमेरिका व रशिया येथील यंत्रांनीं मिळून सुमारें दोन डझन पकडले. स्फोटाची बहुतेक शक्ति न्यूट्रिनोंच्या रूपानें निघून जाते, हें तोंवर गणितांत होतें; तें त्या दिवशीं पदरांत पडलें. अगदीं अलीकडे, १९ मे २०२३ रोजीं, जपानमधील कोइची इतागाकी ह्या हौशी निरीक्षकानें सुमारें २ कोटि १० लक्ष प्रकाशवर्षें दूर असलेल्या एका दीर्घिकेंत अतिनवतारा पाहिला. आणि लडाखमधील हानले येथील आपल्या भारतीय दुर्बिणीहि त्याच्याकडे वळल्या. आपल्या हरभऱ्याच्या नकाशावर ती दीर्घिका कोठें येईल, हें आम्हीं मुलांकडून काढविलें. उत्तर आलें सुमारें १३३ कोटि किलोमीटर, म्हणजे खरोखरीचा शनि आहे जवळजवळ तेथें! नकाशा लहान करूनहि अंतर आकाशाबाहेर गेलें, असें एक मुलगी म्हणाली, तें कांहीं खोटें नव्हे.

येथें एका भीतीचा उल्लेख करणें जरूर आहे. मृग नक्षत्रांतील काक्षी हा तांबूस तारा २०१९ च्या अखेरीस व २०२० च्या आरंभीं फार मंद झाला, तेव्हां तो आतां फुटणार व पृथ्वीवर संकट येणार, अशी वार्ता पुष्कळ घरांत पोंचली होती. त्या मंदपणास ताऱ्यानें बाहेर टाकलेली धूळ कारण झाली, असें पुढें दिसून आलें. काक्षी एक दिवस फुटेल हें खरें. पण तो दिवस उद्यां असेल किंवा लाख वर्षांनीं. आपल्या नकाशावर तो सात मीटर रुंद गोळा आहे, आणि त्याचें अंतर जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणेएवढें. इतक्या दुरून तो कांहीं काळ अर्ध्या चंद्रासारखा चमकेल, दिवसाहि दिसेल. परंतु आपल्या केंसासहि धक्का लागणार नाहीं.

आतां खोडदकडे येऊं. पुण्याच्या उत्तरेस सुमारें ऐंशीं किलोमीटरांवर, नारायणगांवाजवळ, ही दुर्बीण आहे. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० थाळ्या; त्यांपैकीं १४ मध्यभागीं, व १६ तीन दिशांस पसरलेल्या, अशा मिळून पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत उभ्या आहेत, आणि त्या सर्व मिळून एकाच मोठ्या दुर्बिणीचें काम करतात. त्यांचे जनक प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) होत. थाळीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा न करतां ताणलेल्या दोरांवर पोलादी तारांची जाळी बसवून त्यांनीं वजन व खर्च दोन्हीं वांचविलीं. वारा जाळींतून निघून जातो, आणि लांब रेडिओ लहरींस मात्र ती जाळी आरशासारखी परतविते. लोखंडकामाच्या जाणकारानें ही जाळी अवश्य पाहावी.

ह्या थाळ्यांनीं फुटलेल्या ताऱ्यांचा अभ्यास कसा होतो? मोठा तारा मरणापूर्वीं हजारों वर्षें आपल्या अंगावरचा वायु मंद वाऱ्यासारखा बाहेर सोडीत असतो. स्फोटाची लाट त्या वाऱ्याच्या सुमारें हजारपट वेगानें धांवून त्यावर आदळते, आणि त्या धडकेंतून रेडिओ लहरी निघतात. म्हणून स्फोटानंतर एक वर्ष ऐकलें, तर ताऱ्याच्या शेवटच्या सुमारें हजार वर्षांचा जमाखर्च वाचावयास मिळतो. १९९३ मध्यें सुमारें १ कोटि २० लक्ष प्रकाशवर्षांवर दिसलेल्या एका अतिनवताऱ्याचा असा अभ्यास पूनम चंद्रा, अलक रे व संजय भटनागर ह्यांनीं खोडदच्या व अमेरिकेंतील दुर्बिणींच्या नोंदी एकत्र करून केला व त्यावरून २००४ मध्यें त्याच्या कवचांतील चुंबकीय क्षेत्राचें माप सांगितलें. आपल्या जिल्ह्यांतील एका डोंगरी खोऱ्यांत बसून, न पाहिलेल्या जगांतील विझलेल्या ताऱ्याचें हें माप घेतलें गेलें, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र हें ऐकणें फार नाजूक आहे. ताऱ्यांच्या रेडिओ लहरी अतिशय क्षीण असतात. आपलें मोबाईल, विजेच्या उच्च दाबाच्या तारा, यंत्रांच्या ठिणग्या, ह्यांचा गोंगाट त्यांच्या मानानें प्रचंड असतो. डोंगरांच्या आडोशास असलेलें खोडद ह्याच कारणास्तव निवडलें गेलें, व त्याच्या परिसरांत कांहीं उद्योगांवर शासनानें निर्बंध घातले. पुणें-नाशिक वेगवान लोहमार्ग दुर्बिणीजवळून नेण्याच्या आराखड्याचाहि ह्याच दशकांत ह्याच कारणानें फेरविचार करावा लागला. आपल्या पट्ट्यांत कारखाने हवेत, रस्ते हवेत, लोहमार्ग हवेत; त्यांवर हजारों घरांच्या चुली पेटतात, हें आम्ही जाणतों. परंतु सारा मुलूख एकाच आवाजानें भरून टाकला, तर दुसरें कांहींच ऐकूं येणार नाहीं, हेंहि तितकेंच खरें. चिंचवडांतून आज आकाशगंगा दिसत नाहीं. आमच्या वर्गांतील बहुतेकांनीं ती कधींच पाहिलेली नाहीं. जें डोळ्यांस दिसेनासें झालें, तें कानांसहि ऐकूं येईनासें होऊं नये, एवढीच आमची इच्छा.

आतां मूळ प्रश्नाचें उत्तर. आमच्या लेथवाल्या स्नेह्यांनीं म्हटलें कीं, तारे हाताला लागत नाहींत, लोखंड लागतें. पण हें लोखंड आलें कोठून? विश्वाच्या आरंभीं हायड्रोजन, हेलियम व किंचित् लिथियम, एवढेंच होतें, लोखंड नव्हतेंच. जें आहे, तें ताऱ्यांत व त्यांच्या स्फोटांत घडलें. स्फोटांत प्रथम एक किरणोत्सारी निकेल बनतें. त्याचें कांहीं दिवसांत कोबाल्ट होतें, आणि कोबाल्टाचें कांहीं महिन्यांत लोखंड. अतिनवतारा आठवडेच्या आठवडे चमकत राहतो, तो मुख्यतः ह्या बदलाच्या उष्णतेनें. म्हणजे तो प्रकाश लोखंडाच्या जन्माची दवंडीच होय! १९८७ च्या एका स्फोटांत असें सुमारें तेवीस हजार पृथ्व्यांच्या वजनाइतकें लोखंड बनलें. श्वेतबटूंच्या स्फोटांत तर त्याच्या कितीतरी पट बनतें. जगांतील बरेंचसें लोखंड त्यांचेंच देणें आहे. असे अनेक तारे सूर्य जन्मण्यापूर्वीं फुटून गेले. त्यांची राख ज्या मेघांत मिसळली, त्यांतून सूर्य झाला, पृथ्वी झाली, खाणी झाल्या. तीच राख भोसरीच्या भट्टींत तापते, चाकणच्या लेथवर कापली जाते, आणि आपल्या रक्तांत तांबडी होऊन वाहते. आपल्या हाडांतील कॅल्शियम व श्वासांतील ऑक्सिजनहि ह्याच घराण्यांतले.

तेव्हां, दादा, तारे हाताला लागत नाहींत हें खरें नाहीं. गेलीं कित्येक वर्षें आपण दररोज पाळींत तेच हाताळीत आहां. ज्या धातूवर आपण मुलाचें शिक्षण चालविलें, त्या धातूचें माहेर कोठें आहे, एवढेंच आपला मुलगा शोधावयास निघाला आहे. त्याची वाट लांब आहे. तींत गणित पुष्कळ आहे व पैसा थोडा, हें आम्ही लपवीत नाहीं. तो पुढें ज्योतिर्विद होईल किंवा आपल्यासारखाच उत्तम कारागीर होईल. दोन्हींत आम्हांस आनंद आहे. परंतु त्यास नको म्हणण्यापूर्वीं एका रात्रीं त्यास घेऊन जुन्नरच्या डोंगरांत, दिव्यांपासून दूर, जा. आकाशगंगा स्वतः पाहा, व त्यास दाखवा. आम्हीहि बरोबर येऊं.